चपला कोण सांभाळणार?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

परवा आमच्या जुन्या शेजाऱ्यांच्या मुलाचा फोन आला. आई-वडील, बायको आणि दोन मुलं असे सहाजण अंदमानला निघालेत. विमानाची तिकिटं झाली, हॉटेलं झाली. एकाच गोष्टीवर घरात एकमत होईना. "काका, तुम्ही जाऊन आलाय. हॅवलॉकला आमचा एकच मुक्काम आहे. दुपारचा वेळ हातात आहे. राधानगर बीचला जाऊ की एलिफंट बीचला? एका वाक्यात सांगा."

आता एका वाक्यात सांगता येण्यासारखं असतं, तर मंडळी, मी आज तुमची पंधरा मिनिटं घेतली नसती.

आपल्याकडची माणसं अंदमानला जातात ती मुख्यतः सेल्युलर जेल बघायला. सावरकर 1911 ते 1921 अशी दहा वर्षं त्या तुरुंगात होते. त्या कोठडीच्या दारात उभं राहून डोळे पुसले नाहीत असा मराठी माणूस मी तरी पाहिला नाही. त्यामुळे आपल्या लेखी अंदमान म्हणजे तीर्थक्षेत्र, आणि समुद्रकिनारा हा त्यावरचा प्रसाद. प्रसाद कुठला घ्यायचा याचा विचार कोणी घरून करून जात नाही. तो विचार होतो धक्क्यावर, उन्हात, बॅगा हातात धरून, आणि मग भांडणं होतात. आमची झाली.

आधी थोडी जागेची ओळख करून देतो. हॅवलॉक हे बेट पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला साधारण 40 किलोमीटरवर आहे. 1857 च्या लढ्यात लखनौवर चालून गेलेल्या इंग्रज सेनापतीचं हे नाव. डिसेंबर 2018 मध्ये सरकारनं ते बदलून स्वराज द्वीप केलं. पोर्ट ब्लेअरचंही 2024 मध्ये श्रीविजयपुरम झालं. पण तिथले रिक्षावाले, होडीवाले अजून हॅवलॉकच म्हणतात, मीही तसंच म्हणतो. बेटावर वस्ती मुख्यतः बंगाली लोकांची. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना इथं जमिनी दिल्या गेल्या. म्हणून गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. वृंदावनच सगळं. बोट गोविंदनगरच्या धक्क्याला लागते आणि राधानगर तिथून बाराएक किलोमीटरवर, बेटाच्या पश्चिम बाजूला आहे.

राधानगर फार सुंदर आहे, त्यात वाद नाही. 2004 मध्ये टाइम साप्ताहिकानं त्याला आशियातला सर्वांत चांगला किनारा म्हटलं, तेव्हापासून प्रत्येक माहितीपत्रकात ते वाक्य असतं. 2020 मध्ये त्याला ब्ल्यू फ्लॅग हे आंतरराष्ट्रीय मानांकनही मिळालं. दोनएक किलोमीटर लांब अशी पिठासारखी पांढरी वाळू आणि मागं उंचच उंच झाडांचं जंगल, इतकं जवळ की झाडाच्या सावलीत बसून समोर समुद्र बघता येतो. आपल्या कोकणात सुरूच्या बनाशेजारी किनारे आहेत, पण हे जंगल वेगळं. आणि पश्चिमेला तोंड असल्यामुळे सूर्यास्त थेट पाण्यात.

एलिफंट बीच बेटाच्या वायव्येला आहे. तिथं गाडी जात नाही. एकतर धक्क्यावरून मोटरबोटीनं अर्धा तास जायचं, नाहीतर जंगलातून चिखल तुडवत चालत. दिसायला हा किनारा राधानगरच्या पासंगालाही पुरत नाही. वाळूची चिंचोळी पट्टी, आणि त्सुनामीनंतर उन्मळून पडलेल्या झाडांची वठलेली, पांढरी पडलेली खोडं. नाव हत्तींवरून पडलं. जंगलातले ओंडके ओढायला अंदमानात हत्ती आणले होते, आणि ते बेटाबेटांतून पोहायचेही. त्यांतला राजन नावाचा शेवटचा पोहणारा हत्ती राधानगरच्या बाजूला राहायचा. तो 2016 मध्ये गेला. तर अशा या एलिफंट बीचला लोक जातात ते किनारा बघायला नाही, किनाऱ्यापुढच्या पाण्याखाली काय आहे ते बघायला. तिथं अगदी उथळ पाण्यात प्रवाळ आहे.

आणि या दोन किनाऱ्यांतला खरा फरक या प्रवाळामुळेच पडतो. मला तो तिथं जाईपर्यंत माहीत नव्हता. मला वाटायचं, समुद्र म्हणजे समुद्र. जुहूचा काय आणि राधानगरचा काय.

प्रवाळ म्हणजे लक्षावधी चिमुकल्या प्राण्यांनी पिढ्यान् पिढ्या चुनखडीची घरं बांधून उभा केलेला कट्टा. हा कट्टा किनाऱ्यापासून थोडा आत असतो आणि बाहेरून येणारी लाट त्याच्यावर फुटते. तिचा जोर तिथंच संपतो. म्हणून कट्टा आणि वाळू यांच्यामधलं पाणी परातीत ओतल्यासारखं शांत. राधानगरला असा कट्टा आडवा येत नाही. लाट सरळ वाळूपर्यंत येते. म्हणूनच तिथं पायाखाली मऊ वाळू लागते, खडा टोचत नाही, लाटांशी खेळता येतं. पण म्हणूनच परतणारं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं, आणि मे-जूनपासून नैर्ऋत्येचा पाऊस सुरू झाला की त्याच किनाऱ्यावर लाटा अंगावर येतात. हिवाळ्यात समुद्र बराच शहाण्यासारखा वागतो, तरी जीवरक्षकाची शिट्टी ऐकायची. आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात नसते. अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 2010 मध्ये राधानगरच्या लगतच्या एका छोट्या आखातात पोहणाऱ्या एका अमेरिकन पर्यटक स्त्रीचा मगरीनं जीव घेतला होता. घाबरवायचं म्हणून सांगत नाही. फलक लावलेला असेल तिथं पाण्यात उतरायचं नाही, एवढ्यासाठी सांगतो. आपल्याला फलकाशेजारी उभं राहून फोटो काढायची सवय आहे.

भरती-ओहोटीचंही तसंच. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. अंदमानात दोनएक मीटर. निम्मंच. पण प्रवाळ उथळ पाण्यात असल्यामुळे तेवढ्यानंही सगळं चित्र बदलतं. बेटाच्या पूर्वेला विजयनगरचा किनारा आहे. तिथं हॉटेलवाले खोलीसमोर समुद्र दाखवतात, आणि ओहोटीला तो समुद्र असा काही लांब जातो की उरतो नुसता खडक आणि डबकी. पैसे समुद्राचे घेतलेले असतात.

आता आमची हकिकत. जानेवारी 2019. आम्ही सांगलीहून बावीसजणांचा गट घेऊन गेलो होतो. माझी बायको, मी आणि माझी थोरली बहीण, अक्का. अक्का तेव्हा अडुसष्ट वर्षांची. यजमान जाऊन चार वर्षं झालेली. रक्तदाबाची गोळी चालू, बाकी ठणठणीत. त्या दिवशी बोट उशिरा सुटली आणि हॅवलॉकला पोचायला साडेबारा वाजले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढं निघायचं होतं. अंदमान खूप पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे जानेवारीत सव्वापाचलाच सूर्य बुडतो. आपल्याकडे तेव्हा चहाची वेळ असते. एलिफंट बीचहून परत यायला साडेतीन-चार होणार, मग बारा किलोमीटर राधानगर गाठणार कधी आणि तिथं बसणार कधी? एक धरायचं तर दुसरं सोडायचं.

गटप्रमुखांनी हात वर करायला सांगितले. राधानगरला बहुमत. माझाही हात राधानगरला होता. टाइम साप्ताहिकाचं ते वाक्य मी पण वाचलं होतं. अक्काचा हात कुठंच नव्हता, आणि कुणी विचारलंही नाही, कारण उत्तर ठरलेलं होतं. अक्का कुठंही गेली तरी वाळूवर बसणार. गणपतीपुळ्याला बसली होती, तारकर्लीला बसली होती. आम्ही पाण्यात, आणि अक्का चपला, पिशव्या, चष्मे, पाकिटं घेऊन चादरीवर. प्रत्येक मराठी कुटुंबात एक चपला सांभाळणारी असते. बहुधा तीच सर्वांत जास्त खाणं बांधून आणते.

तर आम्ही गाड्यांकडे निघालो, तेवढ्यात अक्कानं तिथल्या एका होडीवाल्याला तिच्या सांगलीच्या हिंदीत विचारलं, "वो हत्तीवाले किनारे पे पाणी कैसा है?" तो म्हणाला, "माँजी, तालाब जैसा." अक्का माझ्याकडे वळून म्हणाली, "मी तिकडं जाते."

मी म्हटलं, "अक्का, तिथं पाण्यात उतरल्याशिवाय बघण्यासारखं काही नाही. तुला पोहता येत नाही. राधानगरला निवांत झाडाखाली बस की."

ती म्हणाली, "साठ वर्षं बसलेच आहे."

हे वाक्य तिनं रागानं म्हटलं असतं, तर मला त्याचं एवढं काही वाटलं नसतं. ती पर्स आवरत म्हणाली.

इथं थोडं मागं जायला पाहिजे. आम्ही कृष्णाकाठची माणसं. आमच्या लहानपणी मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की त्याच्या पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा बंद डबा बांधायचे आणि घाटावरून द्यायचे ढकलून. दोन घोट पाणी पोटात जायचं, आठवड्याभरात पोहणं यायचं. मी तसाच शिकलो. अक्का त्याच घाटाच्या पायरीवर बसून धुणं धुवायची, आणि आमच्या शर्ट-चड्ड्या सांभाळायची. मुलींना भोपळा बांधायची पद्धत नव्हती. तिला शिकायचं होतं का, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं विचारलं. आणि ते मला त्या धक्क्यावर उभं असताना पहिल्यांदा जाणवलं, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.

बायको गटाबरोबर राधानगरला गेली. अक्काला एकटीला पाठवता येईना म्हणून मी, जरा धुसफुसतच, होडीत बसलो. भाचीनं तिला आपला पंजाबी ड्रेस दिला होता. आयुष्यभर साडी नेसलेली बाई त्यात आधी दोन पावलं चालेना. ओली साडी पायांत अडकते, पाण्यात ती नको, हे मात्र तिनं स्वतःच ओळखलं होतं. म्हणजे बेत आधीपासून होता तर!

किनाऱ्यावर होडीतून गुडघाभर पाण्यात उतरावं लागलं. त्यांचा माणूस म्हणजे तिथलाच एक पोरसवदा बंगाली मुलगा. त्यानं हृदयविकार, दमा, रक्तदाब असं सगळं विचारलं. मला वाटलं अक्का लपवेल. तिनं गोळीच्या नावासकट सांगितलं. तो म्हणाला, उथळच ठेवतो, पंधरा मिनिटांवर नेत नाही. ऐकणाऱ्यांपैकी कुणी जाणार असेल तर सांगतो, हे प्रश्न डॉक्टरांना घरूनच विचारून जा. किनाऱ्यावर आयत्या वेळी सगळ्यांनाच आपण ठणठणीत वाटतो.

पोहता न येणाऱ्यांसाठी तिथं सोय अशी आहे की अंगात लाइफ जॅकेट, आणि हातात हवेची मोठी टायर. ती धरून पालथं तरंगायचं, तोंडात नळी, डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मुखवटा. तो मुलगा टायर ओढत नेतो. अक्कानं टायर बघितली, एकदा दाबून बघितली आणि मला हाक मारून म्हणाली, "अरे, हा तर भोपळाच की!"

आधी कमरेएवढ्या पाण्यात वाळूवर सराव. तोंडानं श्वास घ्यायचा ही गोष्ट ऐकायला सोपी आहे. दोनदा ती खारं पाणी प्यायली आणि ठसका लागून उभी राहिली. मी किनाऱ्यावरून "पुरे, पुरे" म्हणून ओरडत होतो. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा ती गेली.

माझ्या एका कानाचा पडदा फाटलेला आहे, डॉक्टरांनी पाण्यात डोकं घालायला मनाई केली आहे. त्यामुळे मी बसलो होतो एका वठलेल्या खोडावर, मांडीवर अक्काची पर्स, शेजारी दोन जोड चपला. चपला सांभाळण्याचं काम मी पहिल्यांदाच केलं. फार वेळ जातो त्यात. आपलं माणूस दिसतं एवढ्याशा नारिंगी ठिपक्याएवढं, आणि ठिपका हलला नाही की पोटात गोळा येतो.

म्हणून पाण्याखाली काय होतं ते मी तुम्हाला अक्काच्या शब्दांत सांगतो. ती म्हणाली, आधी नुसती वाळू, मग एकदम कोबीच्या शेतावरून चालल्यासारखं. गड्ड्यांसारखे प्रवाळ, काही हरणाच्या शिंगांसारखे. मासे निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, आणि ते तिला अजिबात भीत नव्हते. एक हिरवा-निळा मासा चोचीनं खडक कुरतडत होता, त्याचा कुरकुर आवाज तिला पाण्यात ऐकू आला. तो पोपटमासा. तो प्रवाळ खातो, त्यातला चुना दळला जाऊन बाहेर पडतो, आणि त्याचीच पुढं वाळू होते. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत बराच वाटा या माशांच्या पोटातून आलेला असतो. हे मी हॉटेलात सांगितल्यावर एक काकू वाळूवर बसायला तयार होईनात.

पण अक्कानं आणखीही एक सांगितलं. पुष्कळसा भाग राखाडी होता, चुलीतल्या थंड राखेसारखा. ते खरं आहे. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंशानं जरी काही आठवडे जास्त तापलं, तरी प्रवाळातली सूक्ष्म शेवाळं निघून जातात. तीच त्याला रंग आणि अन्न देतात. ती गेली की प्रवाळ पांढरा पडतो, आणि ताप लवकर उतरला नाही तर मरतो. अंदमानात 2010 मध्ये असं फार मोठ्या प्रमाणावर झालं, नंतरही झालं. 2004 च्या भूकंपात तर उत्तर अंदमानची जमीनच उचलली गेली आणि तिथले प्रवाळ उघडे पडून मेले. त्यात भर आमच्यासारख्यांची. माझ्या डोळ्यांदेखत एक गृहस्थ दमून प्रवाळावरच उभे राहिले. त्या मुलानं केवढ्यांदा शिवी हासडली! एका पावलाखाली मोडतं ते वाढायला कित्येक वर्षं लागतात. किनाऱ्यावरचा मेलेला तुकडासुद्धा पिशवीत टाकायचा नाही, कायद्यानं गुन्हा आहे. अक्कानं एक उचलला होता, सांगितल्यावर परत ठेवला.

पंधरा मिनिटांची वीस झाली. बाहेर आली तेव्हा बोटांची टोकं सुरकुतलेली, मुखवट्याचा वळ कपाळभर, आणि दात वाजत होते. मी टॉवेल दिला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आईला सांगायला पाहिजे होतं रे."

संध्याकाळी जेवताना राधानगरची मंडळी आली. त्यांच्याकडे सूर्यास्ताचे शंभर फोटो होते, आणि ते खरोखर अप्रतिम होते. माझी बायको अजून म्हणते की तुम्ही चुकलात, असा सूर्य जन्मात बघितला नव्हता. मी वाद घालत नाही. मला ते हुकल्याची हळहळ आजही आहे. पुन्हा गेलो तर मी स्वतः राधानगरलाच जाईन, झाडाखाली बसेन. हातात पूर्ण दिवस असेल तर सकाळी एलिफंट आणि संध्याकाळी राधानगर हे सहज जमतं, त्यासाठी दोन मुक्काम ठेवावेत.

तर शेजाऱ्यांच्या त्या मुलाला मी हे एवढं सांगितलं नाही. त्याला विचारलं, "तुमच्यातलं पाण्यात कोण कोण उतरणार?"

"मी, बायको, मुलं. बाबा कदाचित पाय बुडवतील."

"आणि आई?"

"आई बसेल हो वाळूत. तिला कुठं पाण्याची आवड..."

"तिला विचारलंस?"

तो म्हणाला, थांबा. फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मागं काहीतरी बोलणं चाललं होतं, भांडी वाजत होती. मग फोनवर त्याची आईच आली. इकडचं तिकडचं विचारून झालं, अक्काची चौकशी झाली. आणि मग आवाज थोडा खाली आणून वहिनींनी विचारलं,

"भाऊजी, पंजाबी ड्रेस चालतो का हो तिथं?"